वाट मोठी की मुक्काम?
(मतमाउलीच्या यात्रेनिमित्त अभ्यासलेख)



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यात्रेच्या तयारीची बैठक झाली. दरवर्षी सप्टेंबर महिन्यात, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, आपल्या धर्मग्रामातून श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी मतमाउलीच्या दर्शनाला मंडळी जातात. बैठकीपुढे प्रश्न साधाच होता : यंदा पायी जायचे की बसने?

ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "बस केली तर दीड तासात पोहोचू. पापनिवेदन होईल, मिस्सा मिळेल, माउलीपुढे निवांत बसता येईल. दोन दिवस पावसात भिजून तापाने फणफणत तिथे पोहोचायचे, यात कसली भक्ती?" तरुणांच्या वतीने एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बसने गेलो तर ती यात्रा कसली, फादर? खरी मजा चालण्यातच आहे." त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "मजा करायची तर पिकनिकला जा!" थोडा हशा झाला, पण नंतर आवाज चढले. शेवटी निर्णय न होताच बैठक संपली आणि "फादर, काय ते तुम्हीच ठरवा" असे म्हणून सर्वांनी ओझे आमच्या खांद्यावर ठेवले.

आम्ही आठ दिवस मागून घेतले होते. त्या आठ दिवसांत जो विचार केला तो या लेखात मांडत आहोत. निर्णय शेवटी सांगितला आहे. मात्र वाचकांनी थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारू नये, ही विनंती!

प्रश्न नीट समजून घेऊ

"प्रवास मोठा की पोहोचणे मोठे?" हा वाद नवा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या वाचनात आला होता. माणसाच्या कृतींचे तो दोन प्रकार सांगतो. पहिल्या प्रकारात कृतीचे साध्य कृतीच्या बाहेर असते. घर बांधणे घ्या. शेवटचे छप्पर चढेपर्यंत घर झालेले नसते आणि घर झाले की बांधणे संपते. दुसऱ्या प्रकारात साध्य कृतीतच असते. आपण पाहतो त्याच क्षणी आपले पाहणे पूर्ण असते. पाहणे 'पुरे होण्याची' वाट बघावी लागत नाही. समजणे, चांगले जगणे हीदेखील तशीच. चालण्याला मात्र ॲरिस्टॉटल पहिल्या प्रकारात टाकतो. इथून तिथे जायचे आहे, तर 'तिथे' येईपर्यंत ते अपुरेच.

मग यात्रा कुठल्या प्रकारात बसते? पायांपुरते पाहिले तर पहिल्या. हरेगाव पाच किलोमीटरवर असताना परत फिरलो तर 'पोहोचलो' असे कोणी म्हणणार नाही. पण वाटेने म्हटलेली माळेची प्रार्थना, दमलेल्याच्या हातातून घेतलेली पिशवी, बरोबरच्या माणसाचे ऐकून घेतलेले दुःख, ही सर्व कृत्ये दुसऱ्या प्रकारातली आहेत. ती जिथे घडली तिथेच पूर्ण झाली. बैठकीत ज्येष्ठांची नजर पहिल्या गोष्टीवर होती, तरुणांची दुसऱ्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच वाद मिटेना.

वाटेच्या प्रेमात पडण्याचा धोका

आजकाल "पोहोचण्यात काय आहे, खरा आनंद प्रवासातच" असे वाक्य सर्रास ऐकू येते. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी याच गोष्टीचा विचार केला होता. ख्रिस्ती शिकवणीविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ते परदेशात अडकलेल्या प्रवाशांचे उदाहरण देतात. त्यांना सुख मिळणार ते मायदेशीच. तिथे जायला वाहन हवे, मग ते जमिनीवरचे असो वा समुद्रातले. पण वाटेची शोभा आणि वाहनाचे डुलणे यांतच प्रवासी रमले तर? मग त्यांना प्रवास संपूच नये असे वाटेल आणि ज्या घरी जायला निघाले त्या घराचाच विसर पडेल.

हा इशारा तरुणांनी मनावर घ्यावा. जिथे जायचे ते ठिकाणच मनात नसेल तर चालणे म्हणजे नुसते भटकणे. हरेगाव मनात आहे म्हणून तर आपण पहाटे उठतो, फोड आलेल्या पायांनी उठून पुन्हा चालू लागतो, चौकात डावीकडे वळायचे की उजवीकडे हे ठरवतो. मुक्कामामुळेच वाटेला वाटपण येते.

आणखी एक भ्रम दूर करायला हवा. एकत्र चालले की माणसे आपोआप एक होतात असे आपण समजतो. आपल्या महाराष्ट्राला चालण्याची मोठी परंपरा आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी शतकानुशतके पायी कापत आले आहेत. त्या वारीत चाललेल्या विदुषी इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात वारीचे अपार कौतुक केले. पण एकाच दिंडीत एकत्र गाणारी, एकत्र चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींच्या वेगवेगळ्या पंगतींत बसतात, ही गोष्टही त्यांनी लपवली नाही. त्यांच्या मनाला ती लागली. आपण ख्रिस्ती मंडळींनी यावर दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. आपल्याही पदयात्रेत कोण कोणाच्या डब्यातले खातो आणि कोण खात नाही, हे आम्ही पाहिले आहे. वाट माणसांना जवळ आणते, पण जवळ आलेल्यांनी एकमेकांना स्वीकारायचे की नाही हे काम वाट करीत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

मुक्कामाच्या नादाचा धोका : आमची एक चूक

आता ज्येष्ठांच्या बाजूचा धोका. तो सांगण्यासाठी आम्हांला स्वतःचीच गोष्ट सांगावी लागेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो आणि दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक म्हणून काम करीत होतो. हरेगावच्या पदयात्रेची जबाबदारी आमच्यावर होती. संध्याकाळच्या मिस्साला आपला जथा झेंड्यासह वेळेवर हजर झालाच पाहिजे, असे आम्ही मनाशी पक्के केले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा मागे पडू लागले. त्यांची चप्पल तुटली होती आणि काळ्या मातीचा चिखल पायाला लगडत होता. आम्ही त्यांना सामानाच्या टेम्पोत बसायला सांगितले. ते म्हणाले, "नको फादर, पायीच यायचं बोललोय माउलीला." आम्ही पुन्हा सांगितले, मग थोडे रागावलो. शेवटी एका दहावीतल्या मुलाला त्यांच्याबरोबर ठेवून आम्ही पुढे निघालो.

आम्ही वेळेवर पोहोचलो. झेंडा उंच धरून, गाणी म्हणत पोहोचलो. मिस्सा झाली, जेवण झाले. रात्री साडेनऊच्या सुमारास आजोबा आणि तो मुलगा आले. आजोबांनी माउलीपुढे मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि परत जाणाऱ्या टेम्पोची चौकशी करू लागले. "सकाळची मिस्सा करून जा ना," असे आम्ही म्हटले. तेव्हा ते म्हणाले, "घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे. शेजारणीला एका रात्रीचंच सांगून आलोय." त्यांच्या पत्नीसाठीच तो नवस होता. दोन दिवस आमच्याबरोबर चाललेल्या त्या माणसाला "कोणासाठी चालता आहात?" असे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

टेम्पो निघून गेला. नंतर अंथरुणावर पडल्यावर आमच्या लक्षात आले, की मिस्सा चुकली तरी आजोबांना निदान ख्रिस्तप्रसाद तरी देता आला असता. मंदिर जवळच होते आणि आम्ही धर्मगुरू होतो. पण आम्हांला ते सुचलेच नाही; आमच्या हिशेबी यात्रा केव्हाच संपली होती.

पुढे आमची बदली झाली. आजोबांची पुन्हा भेट झाली नाही. या चुकीला कारणे पुष्कळ देता येतील, परंतु चूक आमचीच होती.

पवित्र शास्त्र काय सांगते?

त्या घटनेनंतर आम्ही पवित्र शास्त्रातील प्रवासाचे उतारे नव्याने वाचू लागलो. पूर्वी आमचे लक्ष वचनदत्त भूमीकडे असे. आता चालणाऱ्यांच्या गतीकडे जाऊ लागले.

उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय ३३) कुलपिता याकोब आणि त्याचा भाऊ एसाव यांची कित्येक वर्षांनी भेट होते. एसाव म्हणतो, चल, बरोबरच निघू. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले नाजूक आहेत, दूध पाजणारी मेंढरे-गुरे बरोबर आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरून जाईल, असे तो सांगतो. तू पुढे हो, मी जनावरांच्या आणि लेकरांच्या चालीने हळूहळू येतो, असे त्याचे उत्तर आहे. खेड्यात मेंढपाळांचे कळप पाहिलेल्या आपल्या लोकांना यातले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही.

गणनेच्या पुस्तकात (अध्याय १२) मोशेची बहीण मिर्यम हिची हकीकत आहे. मोशेविरुद्ध कुरकुर केल्यामुळे तिच्या अंगावर कोड उठते आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागते. चूक तिचीच होती. तरीसुद्धा तिला परत आत आणीपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही, असे शास्त्र नोंदवते. अख्खे राष्ट्र एका बाईसाठी सात दिवस थांबले! आणि अनुवादाच्या पुस्तकात (अध्याय २५) अमालेकी लोकांचा जो अपराध कधी विसरू नका म्हणून सांगितला आहे, तो कोणता? दमल्याभागल्या अवस्थेत मागे रेंगाळणाऱ्यांवर त्यांनी घाला घातला. काफिल्यात सर्वांत मागे कोण आहे, याकडे देवाचे लक्ष असते.

त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एक लहानशी नोंद आहे : होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची. पुढे वचनदत्त भूमीत पाऊल पडायला मात्र चाळीस वर्षे लागली. अंतर तेवढेच होते, पण लोकांची मने तयार नव्हती. नुसते लवकर पोहोचवणे एवढाच देवाचा हेतू असता तर हे कोडे सुटत नाही. तिथे पोहोचणारी माणसे कशी असावीत, याचीही त्याला काळजी होती.

जे पोहोचलेच नाहीत त्यांचे काय?

मुक्कामच सर्वस्व मानला तर एक कठीण प्रश्न उभा राहतो. मोशे नबो डोंगरावर चढला, त्याने डोळे भरून तो देश पाहिला आणि तिथेच त्याचा अंत झाला. मग त्याचा प्रवास वाया गेला का?

संत फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षे भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा त्यांचा प्रवास सुरू राहिला. शेवटचा मुक्काम ठरला होता चीन. पण ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर, वयाच्या ४६व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. समोर चीनची मुख्य भूमी, तिथे नेणाऱ्या नावेची वाट पाहणे आणि अंगात ताप. जवळ होता अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती सोबती. चीनला जायला निघालेल्या या संताला चीन गाठता आला नाही. पण त्या देशाच्या एका लेकराने अखेरच्या घटकेला त्यांची शुश्रूषा केली. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा लक्षावधी भाविक तिथे गेले. मुक्काम न गाठलेल्या एका प्रवाशाच्या दर्शनाला!

ख्रिस्तसभेने अशा न पोहोचणाऱ्यांचा विचार फार पूर्वीच केला आहे. स्पेनमध्ये प्रेषित याकोब यांच्या समाधीकडे, सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे, मध्ययुगापासून यात्रेकरू पायी जातात. प्रमाणपत्र मिळायला आजही किमान शेवटचे १०० किलोमीटर तरी चालावे लागते. त्या वाटेवर, मुक्कामाच्या जवळजवळ १९० किलोमीटर अलीकडे, व्हियाफ्रांका देल बिएर्सो नावाचे गाव आहे. पुढे डोंगराची खडी चढण लागते. या गावातल्या संत याकोबाच्या मंदिराला एक दार आहे. त्याला 'क्षमेचे दार' म्हणतात. आजारपणामुळे ज्याला पुढे जाणे अशक्य होई, त्याने त्या दारापाशी यावे. सांतियागोला पोहोचल्यावर मिळणारी कृपा त्याला तिथेच मिळे. यात्रेकरूला मुक्कामापर्यंत जाता येत नाही, तर मुक्काम त्याच्याकडे येतो.

२०२५च्या पवित्र वर्षातही हेच झाले. रोमला किंवा ठरवून दिलेल्या तीर्थमंदिरांना जाऊ न शकणाऱ्या आजारी माणसांना आणि तुरुंगातील बंदिवानांना, ते असतील तिथूनच प्रार्थनेने सहभागी होऊन, ज्युबिलीची पूर्ण दंडमुक्ती मिळण्याची सोय होती. २४ डिसेंबर २०२४ रोजी संत पेत्र मंदिराचे पवित्र दार पोप फ्रान्सिस यांनी उघडले, तेव्हा ते स्वतः चाकांच्या खुर्चीत होते. दोन दिवसांनी त्यांनी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात जाऊन तिथेही पवित्र दार उघडले. 'आशेचे यात्रेकरू' हे त्या वर्षाचे ब्रीद होते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि त्यांनी उघडलेले दार ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी बंद केले. एकाने सुरू केलेला प्रवास दुसऱ्याने पुरा केला. ख्रिस्तसभेत कोणी एकटा चालत नाही, म्हणून कोणी एकटा पोहोचतही नाही.

अम्माऊसची वाट

मग वाट मोठी की मुक्काम? लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय २४) अम्माऊसची घटना आठवा. यरुशलेमपासून सुमारे अकरा किलोमीटरची वाट. दोन शिष्य खिन्न मनाने गावाकडे निघाले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो, त्यांच्या चालीने चालतो, आधी त्यांचे ऐकतो आणि मग शास्त्र उलगडून सांगतो. गाव येते. तो पुढे जाण्याचा बहाणा करतो. ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात. भाकर मोडली जाते आणि डोळे उघडतात. मग ते काय करतात? ज्या मुक्कामासाठी दिवसभर चालले, तो सोडून त्याच घटकेला रात्रीचे यरुशलेमला परत फिरतात!

म्हणजे अम्माऊस हा त्यांचा खरा मुक्काम नव्हता. ज्याच्याकडे जायचे होते, तोच त्यांच्या शेजारून चालत होता. प्रभू येशूने स्वतःला 'मार्ग' म्हटले आहे, आणि आपले अखेरचे घरही तोच आहे. संत ऑगस्टीन हाच विचार मांडतात : देव म्हणून ख्रिस्त हा आपला मायदेश, माणूस म्हणून तोच तिथे जाण्याची वाट. आपला मुक्काम हे नुसते ठिकाण असते, तर वाट आणि मुक्काम यांची तुलना करता आली असती. आपला मुक्काम ही व्यक्ती आहे, आणि तिची भेट वाटेवरच सुरू होते. त्या आजोबांना मागे सोडून आम्ही हरेगावच्या मंदिरात वेळेवर पोहोचलो, पण त्या दुपारी माउलीच्या पुत्राला आम्ही चिखलातच मागे ठेवून आलो होतो.

तर यंदा काय करायचे?

१. पदयात्रा निघेल आणि बसही निघेल. बसने येणाऱ्यांनी हरेगावच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर पायी येणाऱ्यांची वाट पाहावी. तिथून ज्यांना शक्य आहे ते सगळे मिळून चालतील.

२. सर्वांत हळू चालणारी माणसे झेंड्याबरोबर सर्वांत पुढे असतील. त्यांची चाल तीच जथ्याची चाल. तरुणांनी सर्वांत मागे राहावे. मजा तिथेही येते.

३. उशीर झाला तर तो सर्वांना मिळून होईल. पदयात्रेत आम्ही स्वतः चालणार आहोत. शेवटचा माणूस पोहोचल्याशिवाय आणि त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाल्याशिवाय आम्ही जेवायला बसणार नाही.

४. वाटेतले जेवण एकाच पंगतीत होईल. घरून आणलेले सगळे डबे मध्ये ठेवले जातील.

५. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही निघण्याआधीच्या आठवड्यात ख्रिस्तप्रसाद घेऊन येऊ. त्यांचे हेतू एका वहीत लिहून घेऊ. ती वही यात्रेकरूंनी आळीपाळीने हातात धरून न्यावी आणि माउलीच्या चरणी ठेवावी. अशा व्यक्तींची नावे समूहप्रमुखांनी येत्या रविवारपर्यंत द्यावीत.

छोट्या ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी

• आपल्या कुटुंबाच्या, समूहाच्या वाटचालीत आज सर्वांत मागे कोण आहे? आपण त्याच्यासाठी थांबलो आहोत का?

• शिक्षण, नोकरी, घर, मुलांची लग्ने असे मुक्काम गाठण्याच्या घाईत बरोबरच्या कोणाला काही विचारायचे राहून गेले आहे का?

• आपल्यापैकी कोणाचा एखादा मुक्काम गाठायचा राहून गेला असेल, तर त्या वाटेवर देवाने त्याला काय दिले?

यात्रेला नावे देताना प्रत्येकाने नावासमोर आपण कोणासाठी चालणार आहोत तेही लिहावे. या वेळी आम्ही ते आधीच विचारून ठेवीत आहोत.